कोकणात उतरलेली माणसं

आमचे घरमालक कोणालाही मरू देत नसत. तलवारीने मान उडालेली असो, माणूस घोड्यासकट कड्यावरून गेलेला असो, नाहीतर विषाचा पेला रिकामा करून सिंहासनावरच कलंडलेला असो, त्यांच्या लेखी तो मेलेला नसायचा. "कोकणात उतरला," असं म्हणून ते तंबाखूची चिमूट ओठाखाली सारायचे. मी म्हणायचे, "अहो मामा, मुंडकं वेगळं झालंय त्याचं." त्यावर ते माझ्याकडे असं बघत, जणू ते मीच वेगळं केलंय. "झालं असंल. तिकडं वैद चांगलं हायेत."

हे सगळं एका मालिकेबद्दल चालायचं. राजे, मांत्रिक, घोड्याएवढे पक्षी आणि त्यांच्यावर बसून लढणारी माणसं, अशी ती परदेशी मालिका होती. ती मुळशीतल्या कोळवण खोऱ्यात, चहूबाजूंनी भातखाचरं असलेल्या घरात, झटका येऊन अंथरुणाला खिळलेल्या एका बाईसाठी रोज का लागायची, हे सांगायचं तर आधी मामांबद्दल सांगायला हवं.

मी मुळात धास्तावलेली बाई. आमच्या घरात काळजी करणं हा कुळाचारच आहे. गॅस बंद केला का हे बघायला माझी आई बसस्टॉपवरून परत यायची, आणि मी तर अर्ध्या वाटेत पुन्हा एकदा परतणारी. कंपनी हिंजवडीला, पण आठवड्यातून एकदाच तोंड दाखवावं लागायचं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीशेजारी नवीन इमारतीचं ड्रिलिंग सुरू झालं, तेव्हा कंटाळून मी कोळवणला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पडवी सामाईक, मधे एक भिंत, पलीकडे मामा आणि मामी.

पहिल्या दिवशी मामांनी पाणी कुठून येतं ते दाखवलं. मोरी दाखवली. "साप निघाला तर मारायचा न्हाई, मला हाक मारायची," म्हणाले. मग दारात थांबून आवाज खाली आणला. "आतमधी म्हातारी हाय. तिला झटका आल्याला. तिनं इचारलं, नाहीतर कुनी बी इचारलं, तर आमचा पोरगा कोकणात हाय. येवढं ध्यानात धर."

"कोकणात कुठे?" मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

"कोकणात," ते म्हणाले आणि गेले.

मामा सत्तरीच्या अलीकडे पलीकडे. डोक्यावर रान कधीच मोकळं झालेलं, त्याचा सगळा वचपा मिशीने काढलेला. ती मिशी खोऱ्यात प्रसिद्ध होती. खाचरात उतरताना पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडतील, पण शर्ट इस्त्रीचा आणि मिशीला तेल, यात बदल नाही. फाटकाजवळ एक दगड होता, त्याच्यावर ते दिवसभर बसायचे आणि येणाऱ्याची परीक्षा घ्यायचे. प्रश्न एकच. "आमचा पोरगा कुटं हाय?" शेजारची वहिनी घावन घेऊन यायची, ती चालता चालताच म्हणायची, "कोकणात, भावजी," आणि आत जायची. एकदा त्यांची कोणी लांबची आत्तेबहीण रताळ्यांची पिशवी घेऊन आली. प्रश्न ऐकला आणि तिचे डोळेच भरले. मामांनी तिला फाटकातूनच वळवलं, परतीच्या जीपमध्ये बसवून दिलं. "डोळं कोरडं करून ये, न्हाईतर येऊच नको." रताळी मात्र ठेवून घेतली. मला वाटलं, म्हाताऱ्याचा एखादा आटा ढिला आहे.

दुसरी तऱ्हा दाढीची. कोळवणच्या स्टॉपवर, हाकेच्या अंतरावर, न्हाव्याचं पत्र्याचं दुकान होतं. मामा तिथे जात नसत. दर शनिवारी एसटीने पौडला जायचे, दाढी करून, मिशी कोरून परत यायचे. कारण ते कोणालाही न विचारता सांगायचे, तेही पडवीत, मामींच्या खिडकीशी उभं राहून, चढ्या आवाजात. "हितल्या न्हाव्याचा हात घसरतो. एकदा माझी निम्मी मिशी उडवली गड्यानं. मग मी म्हनलं, आता ऱ्हायल्याली तरी कशाला ठेवतो, काढ सगळी. लई दिवस पोरासारखं तोंड घेऊन हिंडलो." आणि हसायचे. ते हसणं जरा लवकर संपायचं, पण मी तेव्हा त्याचा विचार केला नाही.

मामी त्या खिडकीशी पडून असायच्या. उजवं अंग गेलेलं, जीभ जड. दिवसाकाठी एखादा शब्द. पौडचे डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्याशी बोलत राहा, मन गुंतवा, आणि काहीही झालं तरी धक्का बसू देऊ नका, दुसरा झटका झेपणार नाही. हे वाक्य मामांनी गाठीशी बांधलं होतं. कपबशी फुटली तरी आधी मामींच्या खोलीकडे बघायचे.

एका रविवारी दुपारी मी पडवीत लॅपटॉपवर ती मालिका बघत बसले होते. घोडे उधळले, आणि खिडकीत मामींची मान वळली. आपली आपण वळली. मामा दगडावरून उठून आले. "म्याडम, त्येवढं पुन्यांदा लाव." मी लावलं. मान पुन्हा वळली. त्याच संध्याकाळी टीव्ही बाहेरच्या खोलीतून मामींच्या पायाशी आला, माझ्या खात्यावरून मालिका सुरू झाली, आणि माझ्या डोक्याला एक नवी काळजी लागली.

भाषा इंग्रजी. हिंदीतही मिळत होती, पण मामींची हिंदी बोहारणीपुरती. मग मामांनी कथा सांगायला घेतली. त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं, त्याने त्यांचं काही अडलं नाही. मी एपिसोडच्या आधी दोन वाक्यांत गोष्ट सांगायची, पुढचं त्यांचं ते. राजाचे झाले पाटील, राणी पाटलीणबाई. मांत्रिक बाई म्हणजे भगतीण. राजाच्या कानाशी लागणाऱ्या प्रधानाला त्यांनी तलाठी केलं आणि शेवटपर्यंत त्याच्यावर डूख धरला. मोठे पक्षी म्हणजे घारी. दक्षिणेला खाऱ्या समुद्राचा मुलूख होता, तो अर्थातच कोकण. आणि जो कोणी मरेल तो तिकडे उतरायचा. पहिला सीझन संपेपर्यंत कोकणात मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती.

पुढची गोष्ट मात्र कोणी सांगायची नाही, हा दंडक. मी दोन वाक्यं सांगताना तिसऱ्यात पाऊल टाकलं, की मामा कानात बोटं घालायचे. "फुडचं न्हाई. फुडचं कळलं की मानूस आजचं बी जगत न्हाई."

मामींचा जीव राजपुत्रावर होता. मामा त्याला 'पाटलाचा पोरगा' म्हणायचे. काटक, उन्हाने रापलेला, आईला न विचारता घारीवर बसून निघणारा. तो पडद्यावर आला आणि मामींचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. तोंडातून शब्द आला. "आला?"

त्या घरात किती दिवसांनी आलेला पहिला नीट शब्द तो. मामा म्हणाले, "आला, आला. बघ की." आणि उठून न्हाणीघरात गेले ते बराच वेळ आले नाहीत. पुढे तो शब्द रोजचा झाला. पाटलाचा पोरगा दिसत नसला की मामी विचारायच्या, "आला?" मामा म्हणायचे, "येतुया. घाटात हाय."

पहिल्या सीझनच्या शेवटी तो पोरगा खरोखरच घाटात होता. खिंडीत धुकं, छातीत बाण, तो गुडघ्यावर बसतो आणि पडदा काळा. मामांची तंबाखूची चिमूट ओठापाशी थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मामी म्हणाल्या, "आला?"

"फुडच्या खेपंला," मामा म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

ते तसे का बोलले हे मला न्हाव्याकडून कळलं. स्टॉपवर जीपची वाट बघत होते, ऊन होतं म्हणून त्याच्या दुकानाच्या सावलीला उभी राहिले. तो वस्तरा चामड्यावर ओढत होता. "मामा पौडला गेले जनू," म्हणाला. मी उगाच म्हटलं, "तुम्ही त्यांची मिशी उडवली म्हणे."

तो हसला नाही. बाहेर कोणी आहे का बघितलं आणि सांगितलं. मामींना झटका आला त्या दिवशी मुलगा टेम्पो घेऊन माणगावला गेला होता. मामांनीच फोन केला, आईचं काय खरं न्हाई, असशील तसा नीघ. पोरगा निघाला. ताम्हिणी घाटात धुकं होतं, टेम्पो दरीत गेला. इकडे मामी दवाखान्यात, तिकडे हे. "धाव्याला नदीवर मीच गेलो व्हतो, म्याडम. बापानं लेकाला अग्नी दिल्याला, मिशी काढावीच लागती. काढली. त्येच तोंड घेऊन त्यांना दवाखान्यात जायचं व्हतं. मला म्हनले, गड्या, तुझ्यावर एक बालंट घेतो. मी म्हनलं, घ्या." वस्तरा त्याने पुसून ठेवला. "माझा हात कधी घसरला न्हाई. पन आता बाहेरगावची मान्सं माज्याकडं बसाया भितात. असूंदे."

जीप आली, मी बसले, पण पौडला उतरेपर्यंत मला काही दिसलं नाही. साऱ्या खोऱ्याने एका बाईसाठी तोंडं शिवून घेतली होती. मामांना तिच्या धक्क्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी एक होती. पोरगा आपल्यासाठी येताना गेला हे तिला कळेल, आणि त्याला कोणी बोलावलं हेही कळेल.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आधी ती गोष्ट फक्त त्यांची होती, आता माझ्याही पदरात आली. वीजबिल मुलाच्या नावावर यायचं, ते मी वाटेतच काढून घ्यायला लागले. स्वतःच्या तोंडाचाच भरवसा वाटेना. मामींना पाणी पाजताना मी मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा मारायची, आणि त्या आपल्या डाव्या डोळ्याने माझ्याकडे शांत बघत राहायच्या.

वर्षभराहून अधिक काळ गेल्यावर दुसऱ्या सीझनची तारीख आली. पहिला एपिसोड तिकडे रविवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी. "सोमवार. चांगला वार हाय," मामा म्हणाले आणि कामाला लागले. इन्व्हर्टरची बॅटरी नवी आणली. वायरवर झुकलेली आंब्याची फांदी उतरवली. लाइनमनला फाटकात गाठून चहा पाजला आणि सोमवारी सकाळी कोळवणची लाइट गेली तर चहा परत मागीन, असा दम भरला. मामींना रोज सांगायचे, "आता चार दीस. आता तीन." मामींच्या तोंडात आता दोन दोन शब्द यायला लागले होते. "कधी... लावनार?" डॉक्टरही खूश होते. सगळ्या घराचा जीव त्या एका सकाळवर येऊन बसला होता.

आणि शनिवारी, कंपनीच्या गाडीत, मी फोनवर वाचलं. परदेशात काही लोकांना तो एपिसोड आधीच दाखवला होता. त्यातल्या कोणीतरी लिहिलं होतं, सुरुवातच राजपुत्राच्या चितेने होते.

घरी पोचेपर्यंत मी चार खोटी कारणं रचली. नेट गेलंय, खातं बंद पडलंय, तारीख पुढे गेली. एकही तोंडातून निघेना. रविवारी दुपारी मामा बांधावर बसले होते, तिथे गेले.

"मामा, उद्याचं नको लावूया."

"का?"

"पुढचं सांगावं लागेल."

त्यांनी बोटं कानांकडे नेली. मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा धरला असेन. म्हटलं, "पाटलाचा पोरगा गेलाय. चिता दाखवणार आहेत. मला न्हाव्याने सगळं सांगितलंय."

मामांनी हात सोडवून घेतला नाही. मग म्हणाले, "ती रोज इचारती, कधी लावनार. आता न्हाई म्हनलं तर का म्हनून इचारंल. मग काय सांगू?"

"पण चिता..."

"मी हाय ना. आजपतोर समद्यांला उतरवलं. त्याला बी उतरवीन." मिशीवरून हात फिरवला. "तू फकस्त बटन दाब."

सोमवारी उजाडायच्या आधीच मामींची वेणीफणी झालेली होती. खिडकीतून थंडी येत होती म्हणून मामांनी त्यांच्या पायांवर घोंगडी टाकली आणि स्वतः उशाशी स्टूल घेऊन बसले. शर्ट इस्त्रीचा. मी दाराशी उभी, हातात रिमोट. लाइट होती. नेट होतं. त्या दिवशी काहीच बिघडलं नाही, आणि मी मनात लाइनमनला शिव्या घालत होते.

पडद्यावर धुकं. मग लाकडं, एकावर एक रचलेली. त्यांच्यावर पांढऱ्या कापडात कोणीतरी.

"थंडी लई हाय तिकडं," मामा म्हणाले. "म्हनून शेकोटी केलीया."

मामी बघत होत्या. पाटलीणबाई कापडावर डोकं टेकून रडत होती.

"ती का रडती, तर तो निघालाय. कोकणात निघालाय. आई म्हनल्यावर रडायचीच." मामा थांबले नाहीत. "जाईल, चार पैसं कमवील, येईल." लाकडांना आग लागली. मामा बोलत होते, बोट, बंदर म्हणत होते, माशांचा भाव सांगत होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग राजा पुढे आला. पहिल्या सीझनभर त्याची छातीपर्यंत दाढी आणि भरघोस मिशी होती. आता तोंड कोरं होतं. हे मी वाचलं नव्हतं. त्या मुलुखाची रीत असावी, मुलगा गेलेल्या बापाने सगळं उतरवायचं. कॅमेरा त्या उघड्या तोंडावर थांबला, आणि हलायलाच तयार नाही.

मामांचं बोलणं बंद पडलं. मी बटण शोधत होते आणि ते बोटाखालीच होतं.

मामी बोलल्या. सावकाश, एकेक शब्द जिभेवरून ओढत आणत.

"न्हाव्याचा... हात... घसरला... असंल."

मी एपिसोड थांबवला. मामी पडद्याकडे बघत नव्हत्याच. मामांकडे बघत होत्या, मिशीकडे.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातच... कळलं."

मामा स्टुलावरून घसरत खाली बसले, पलंगाच्या काठाला धरून. "मग रोज इचारायचीस का? आला का म्हनून?"

"तुमी म्हनायचा... येतुया." मामींनी दम घेतला. "ते आइकाया... बरं वाटायचं."

"मीच बोलावलं त्याला. मीच फोन केला."

मामींनी डावा हात उचलला. तो हात त्यांच्या मिशीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दोघंही रडत होती. मीही रडले. मग मामींनी मान पडद्याकडे वळवली.

"लावा. नीट... सांगा."

मी बटण दाबलं. ज्वाळा वर गेल्या. मामांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, घसा खाकरला, आणि ज्यांनी आजवर कोणालाच मरू दिलं नव्हतं ते मामा म्हणाले, "पाटलाचा पोरगा मेला. घाटात मेला. आईकडं येत व्हता."

"व्हय," मामी म्हणाल्या. "फुडं?"

पुढचा सगळा एपिसोड त्यांनी जसा होता तसा सांगितला. तलाठ्याला दिलेल्या शिव्या तेवढ्या पदरच्या होत्या.

मी पुढच्या वर्षी खोल्या सोडल्या. मामी मी तिथे असेपर्यंत होत्या, काठी धरून पडवीपर्यंत यायच्या. पण मला आठवतो तो त्याच आठवड्यातला शनिवार. मी स्टॉपवर होते. पौडची एसटी आली, थांबली, निघून गेली, आणि मामा तिच्यात चढले नाहीत. पत्र्याच्या दुकानात खुर्चीत मान मागे टाकून बसले होते, तोंडाला फेस. न्हाव्याने वस्तरा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मामा, जरा दम खावा. हात थरथरतुया माजा."

"कर तू," मामा डोळे मिटून म्हणाले. "घसरला तर घसरला. आता काय बिघडत न्हाई."